शिजलेली बाटली आणि भाजलेला कांदा

नाशिकला मी त्याआधी एकदाच गेलो होतो, वडिलांच्या अस्थी घेऊन. दुसऱ्यांदा गेलो तो एका इटालियन म्हाताऱ्याचं बोलणं मराठीत सांगायला.

दोन हजार तीन-चार सालची गोष्ट. बोटीवरची नोकरी सोडून मी गुहागरजवळच्या आमच्या घरी येऊन राहिलो होतो, त्याला चार वर्षं झाली होती. बावीस वर्षं मी इटालियन प्रवासी बोटींवर काढली. भांडी घासण्यापासून सुरुवात केली आणि शेवटची नऊ वर्षं जेवणघरात वाईन वाढणाऱ्यांचा मुख्य होतो. त्यामुळे माझं इटालियन म्हणजे भटारखान्यातलं इटालियन. शिव्या उत्तम येतात, भाज्यांची नावं पाठ आहेत, व्याकरणाचं विचारू नये.

माझा भाचा नाशिक रोडला राहतो. त्याच्या ओळखीचे दत्तू नावाचे एक द्राक्षबागाईतदार सायखेड्याजवळ राहत. त्यांनी दोन शेजाऱ्यांना बरोबर घेऊन छोटी वायनरी काढली होती आणि पांढऱ्या वाईनसाठी इटलीहून आल्दो नावाचा एक जाणता माणूस सहा दिवसांसाठी बोलावला होता. शनिवारी मुंबईच्या एका हॉटेलचे खरेदी बघणारे साहेब जेवायला यायचे होते. त्यांना वाईन आवडली तर वर्षभराची मागणी पक्की. आल्दोला इंग्रजी येत नव्हतं. "मामा, सहा दिवस या," भाचा फोनवर म्हणाला. आंबा उतरायला अजून वेळ होता. मी निघालो.

नाशिक रोड ते सायखेडा

दत्तू स्टेशनवर न्यायला आले होते. चाळिशीचा, उंच, कमी बोलणारा माणूस. जीपमध्ये बसल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "काका, तुमाला खरंच येती ना त्यांची भाषा?" मी म्हटलं, पोटापुरती येते. त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी गेली नाही.

माझ्या डोक्यात द्राक्षबाग म्हणजे घडांनी लगडलेला मांडव होता. इटलीत बंदरावर बोट लागली की आम्ही कधीमधी अशा बागा बघायला जायचो. इथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तारांवर नुसते खुंट उभे होते, पानाचा पत्ता नाही. मला वाटलं, रोग पडला. दत्तू हसले. "छाटणी झाली काका. एप्रिलात समदं असंच दिसतं. माल कवाच निघाला, आता टाकीत हे."

म्हणजे मी द्राक्षांच्या गावी गेलो आणि सहा दिवसांत एक घड पाहिला नाही. जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

घराच्या अंगणात पाऊल ठेवायला जागा नव्हती. खाटांवर, साड्यांवर, गच्चीवर कुरडया वाळत होत्या. आमच्याकडे या दिवसांत फणसाचे पापड, आमसुलं वाळतात, इथे गहू. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक शिजवून सोऱ्याने घातलेल्या, चांदणीसारख्या पांढऱ्या कुरडया. त्यांच्यामधून वाट काढत दत्तूंची बायको सुनंदा पाणी घेऊन आली. आमच्याकडे पाहुण्याला पाण्याबरोबर गुळाचा खडा देतात. इथे पाणी, मग चहा, मग परत चहा. दत्तूंच्या आई ओट्यावर बसल्या होत्या, गळ्यात तुळशीची माळ. त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "तुमी घेता का?"

मी म्हटलं, "बावीस वर्षं वाढली आई, घेतलीही थोडी."

"घरात नाय आणायची," त्या म्हणाल्या. "शेडमधी काय करायचं ते करा."

शेड म्हणजे द्राक्षं निवडून पेट्या भरायची पत्र्याची मोठी खोली, घराच्या मागे. निर्यातीचा माल तिथे निवडला जायचा. सहा दिवस आमचा मुक्काम तिथेच होता. रस आंबवायच्या स्टीलच्या टाक्या त्याच्या पलीकडे, थंड केलेल्या दुसऱ्या खोलीत होत्या.

आल्दो

दुसऱ्या दिवशी दुपारी आल्दो आला. सत्तरीचा, हात सुतारासारखे, डोक्यावर कापडी टोपी. इटलीच्या ईशान्य टोकाच्या डोंगराळ भागातला. त्याची बोली वेगळी. पहिला तासभर मला निम्मं कळत नव्हतं. त्याने "मोस्तो" म्हटलं, म्हणजे द्राक्षाचा ताजा रस, तर मी ते "मोस्त्रा", म्हणजे "दाखव", असं ऐकलं आणि दत्तूंना सांगितलं की हे दाखवा म्हणतायत. दत्तूंनी त्याला सगळी वायनरी, विहीर आणि दोन म्हशी दाखवून आणल्या. म्हशींपाशी तो बराच वेळ थांबला, म्हणून माझी चूक कोणाच्या लक्षात आली नाही.

त्याने आपल्या गावची वाईन आणली होती. सहा बाटल्या. पाच खोक्यात घालून आधीच पाठवल्या होत्या, त्या तीन आठवडे मुंबईच्या कुठल्याशा गोदामात पडून होत्या. सहावी त्याने स्वतःच्या बॅगेत स्वेटरमध्ये गुंडाळून आणलेली. दत्तूंनी सगळ्या एकदमच शेडमधल्या फ्रीजमध्ये ठेवून दिल्या.

ती वाईन एका जातीच्या द्राक्षांची नव्हती. त्याच्या वडिलांनी एकाच शेतात तीन जातींचे वेल मिसळून लावले होते. एका जातीमुळे वाईनला अंग येतं, दुसरीमुळे सुगंध, तिसरीमुळे आंबटपणा. तिन्ही एकत्र खुडायची, एकत्र दाबायची. दत्तूंकडेही शेनिन आणि सॉव्हिन्याँ अशा दोन पांढऱ्या वाईन वेगवेगळ्या टाक्यांत तयार होत्या. त्या किती प्रमाणात मिसळायच्या, हेच ठरवायला आल्दो आला होता.

मी हे मराठीत सांगत होतो. आई दारात, उंबऱ्याच्या बाहेर उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्हंजी कळणाच झाला की."

कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेलं पीठ. त्याची भाकरी या बाजूला आवडीने खातात. नुसत्या ज्वारीची भाकरी गोडसर लागते, उडदाने तिला चिकटपणा आणि खमंगपणा येतो. मी आल्दोला हे समजावलं. त्याने लगेच विचारलं, "प्रमाण किती?" आई म्हणाल्या, "हाताला कळतं." आल्दोने मान डोलावली. त्या दोघांचं पटलं ते एवढ्यावरच.

कशाबरोबर काय

आल्दोचं म्हणणं, वाईन नुसती चाखून ठरवायची नाही. जेवणाबरोबर चाखायची, आणि जेवण इथलंच पाहिजे. दत्तूंनी त्या रात्रीसाठी हमरस्त्यावरच्या ढाब्यावरून जेवण मागवलं होतं. पनीर, काजूची करी, तेलाचा लाल तवंग. पाहुण्यांना घरचं साधं कसं द्यायचं, हा त्यांचा विचार. आल्दोने एक घास खाल्ला, दत्तूंच्या शेनिनचा एक घोट घेतला आणि ग्लास लांब ठेवला. "तिखटाने दारू तोंडात भाजते," तो म्हणाला. "मसाल्यापुढे वाईन मुकी झाली. या घरात रोज काय खातात?"

दत्तू संकोचले. "ते काय... भाकरी, पिठलं."

"तेच हवं," आल्दो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून सुनंदा एकेक पदार्थ करून आणायची आणि आम्ही चाखायचो. पिठल्याने वाईन जड झाली. मिरचीच्या ठेच्याने ती मेलीच. आल्दोच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि सुनंदाने धावत जाऊन ताक आणलं. कैरीच्या लोणच्याचा आंबटपणा वाईनच्या आंबटपणाशी भांडला. गोदावरीतला मासा तांदळाच्या पिठात तळून आणला होता, तो घराबाहेर चूल मांडून, आईंच्या नजरेआड. आता मी समुद्राकाठचा माणूस, नदीच्या माशाला मी मासा मानत नाही. चिखलाची चव लागेल म्हणून नाखुषीनेच तोंडात घातला. चांगला होता. वाईनबरोबर आणखी चांगला लागला. हे कबूल करायला मला दोन तुकडे लागले.

तळलेली कुरडई सगळ्यांना आवडली. खारट, हलकी, कुरकुरीत, आणि मागून गव्हाचा किंचित आंबूस वास. आल्दोने एकामागून एक चार खाल्ल्या.

पण खरी गंमत झाली ती कांद्याने. सुनंदाने उन्हाळ कांदे चुलीच्या निखाऱ्यात सालीसकट भाजले. वरची काळी साल काढून टाकली, आतला मऊ गर हाताने फोडला, त्यावर मीठ आणि शेंगदाण्याचं कच्चं तेल घातलं. बरोबर कळण्याची भाकरी. माणसं बागेत दिवसभर राबतात तेव्हा दुपारी हेच खातात, असं ती म्हणाली. भाजल्यावर कांद्याचा तिखटपणा जातो, गोडवा राहतो, वर थोडा धूर. त्यावर सॉव्हिन्याँचा थंड घोट घेतला की तोंड धुतल्यासारखं होतं आणि परत कांदा खावासा वाटतो.  आल्दोने भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

"हे पाहुण्यांना द्यायचं?" दत्तूंनी मला हळूच विचारलं. "कांदा-भाकर?"

सहा बाटल्या

त्याच दुपारी आल्दोने आपली पहिली बाटली उघडली. दत्तू, त्यांचे दोन्ही भागीदार, मी, आणि टेबलाच्या टोकाला ताटं मांडत असलेली सुनंदा. मी बूच काढलं, ग्लासात थोडी ओतली आणि रंग बघताच माझ्या लक्षात आलं. पिवळा हवा तो रंग फिका तपकिरी झाला होता. नाकाशी नेली. उन्हात राहून डागाळलेल्या सफरचंदासारखा वास. गोदामाच्या उष्म्यात वाईन बाटलीतच शिजली होती.

बोटीवरचा आमचा नियम असा, की पाहुण्याने स्वतः तक्रार केल्याशिवाय बाटली वाईट आहे असं म्हणायचं नाही. मी ओठ मिटून सगळ्यांचे ग्लास भरले. आल्दोनेही वास घेतला, ग्लास खाली ठेवला आणि खिडकीतून बाहेर बघत राहिला.

दत्तू म्हणाले, "लय भारी." भागीदारांनी माना हलवल्या.

आल्दोने अजून एक ग्लास उचलला आणि सुनंदापुढे धरला. नुसता वास घे, असं नाकाशी बोट नेऊन खुणावलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. मग पदराला हात पुसले, ग्लास घेतला, वास घेतला. थोडा वेळ थांबून पुन्हा घेतला.

"मामा," ती मला म्हणाली, "हे खराब झालंय. मार लागलेलं सफरचंद राहतं पेटीत, तसा वास हे. आन मागून शिळ्या अक्रोडासारखं येतंय. त्यांना म्हणावं, ही ठेवू नका, बाकीच्या बघून घ्या."

दत्तू चटकन म्हणाले, "तुला काय कळतं त्यातलं? गप."

आल्दो माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "ती म्हणते, सफरचंदासारखा वास आहे."

आल्दोने मला नीट पाहिलं. "ती बरंच बोलली," तो म्हणाला. "तू तीन शब्द सांगितलेस."

 इतक्या वर्षांच्या नोकरीत मला असं कोणी पकडलं नव्हतं. मी तिचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, अक्रोडासकट. मग, सांगतोच आहे तर, हेही सांगितलं की मलाही बूच काढतानाच कळलं होतं.

 आल्दो उठला आणि सुनंदाच्या शेजारी जाऊन बसला. तो माझ्याशी बोलला, पण तिच्याकडे बघून. "तिला सांग, ती बरोबर बोलते. मलाही कळलं होतं, पण माझ्या तोंडून निघत नव्हतं. ते शेत माझा भाऊ बघायचा. तो गेला, शेत विकलं, नव्या मालकाने वेल उपटले. आता ती वाईन होणार नाही. या सहाच होत्या."

मी मराठीत सांगितलं. या वेळी एकही शब्द गाळला नाही.

 सुनंदा म्हणाली, "बाकीच्या आणू का?"

तिने फ्रीजमधून पाचही आणल्या. बाहेरून सगळ्या सारख्याच. आल्दोने स्वतः एकेक उघडली आणि तिच्यापुढे ग्लास ठेवत गेला. पहिली, नाही. दुसरी, नाही. तिसरीला तिने वास घेतला आणि तिचा चेहरा बदलला. "ही चांगली हे. ही ताजी हे. हिला ओल्या गवताचा येतोय, आन पांढऱ्या फुलाचा. जुईचा नाय... पपनसाच्या फुलाचा." उरलेल्या दोन्ही खराब निघाल्या. चांगली होती ती आल्दोने स्वेटरमध्ये आणलेली.

"कसं काय कळतं तुला?" मी विचारलं.

"कांद्याच्या चाळीत मीच बघते ना," ती म्हणाली. चाळ म्हणजे कांदे साठवायची जाळीच्या भिंतींची लांबच लांब कोठी. "एक कांदा सडाया लागला तर दारातून कळतं, कुठल्या बाजूला हे. वेळेवर काढला नाय तर समदा ढीग जातो. द्राक्षाच्या पेटीचंबी तसंच. बारा वरसं झाली."

ती चांगली बाटली त्या दुपारी आम्ही भाजलेल्या कांद्याबरोबर संपवली. सुनंदा सोडून सगळ्यांनी. मी पुष्कळ नावाजलेल्या वाईन वाढल्या आहेत. त्या दुपारची चव मला अजून आठवते. आधी मऊ, मध्ये जरा कडवट, शेवटी लिंबाच्या सालीसारखी. कांद्याचा धूर त्यात मिसळला की दोन्ही जास्त गोड लागायचे. आल्दोने शेवटचा घोट ग्लासात बराच वेळ ठेवला होता.

आईंचा निवाडा

संध्याकाळी आल्दोने सांगितलं की टाक्यांतल्या दोन वाईनचं मिश्रण ठरवताना सुनंदा पाहिजे. दत्तू मला बाजूला घेऊन गेले. "काका, तिला आवो आमी कधी... गावात काय म्हणतील? आन आईला कसं सांगायचं?" त्यांना राग आलेला नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं, काय करावं.

नुसत्या वासावर मिश्रण ठरत नाही. तोंडात घ्यावंच लागतं. मी आल्दोला अडचण सांगितली. तो म्हणाला, "गिळायचं कशाला? मीही दिवसभर थुंकतो. नाहीतर दुपारीच आडवा होईन."

शेवटी सुनंदाच सासूपुढे गेली. आई ओट्यावर बसून वाळलेल्या कुरडया डब्यात भरत होत्या. बरोबर मी होतो. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी मलाच विचारलं, "गिळायची का थुंकायची?"

"थुंकायची."

"एक घोटबी पोटात नाय?"

"नाही."

त्यांनी एक कुरडई उचलून उजेडात धरली, मोडलेली होती ती वेगळी ठेवली. "मी मिश्री लावते," त्या म्हणाल्या. "पहाटं उठल्यापासून लावते. माळ घातली तरी सुटली नाय. ती काय गिळते मी? जा. तस्त घेऊन जा, शेडमधी भुईवर थुंकू नका."

सुनंदा जाऊन हात धुवायचं पितळी तस्त घेऊन आली.

मापं

चौथा आणि पाचवा दिवस मापात गेला. काचेचं मोजपात्र, दोन जग, ओळीने ग्लास. सत्तर-तीस, साठ-चाळीस, पन्नास-पन्नास. बाहेर ऊन रणरणत होतं, पत्रा तापून आवाज करायचा. बाटल्या थंड राहाव्यात म्हणून सुनंदाने त्या ओल्या गोणपाटात गुंडाळून माठाशेजारी ठेवल्या होत्या. फ्रीजमधून काढलेली वाईन फार गार लागते, तिचा वास मिटतो. माठाचा गारवा बरोबर बसतो, हे तिचंच निरीक्षण. आल्दोने ते वहीत लिहून घेतलं.

पहिल्यांदा वाईन तोंडात घेतली तेव्हा तिने तोंड वाकडं केलं आणि लगेच तस्तात थुंकली. "आंबट," ती म्हणाली. दहाव्या ग्लासापर्यंत ती आंबट कुठे लागतं ते सांगायला लागली. जिभेच्या कडेला, का घशाशी. शब्द तिचेच. शेनिन म्हणजे "गोड, पिकल्या पेरूची", सॉव्हिन्याँ म्हणजे "कोवळ्या काकडीची, मोडलेल्या पानाची". माझ्याकडचे बोटीवरचे शब्द पाठ केलेले होते. मी ते वापरायचं सोडून दिलं आणि तिचेच इटालियनमध्ये सांगू लागलो. मोडलेलं पान सांगायला मला एक पान तोडून दाखवावं लागलं.

दत्तू जाता-येता डोकावत. पाचव्या दिवशी दुपारी ते आत येऊन भिंतीशी उभे राहिले. सुनंदाने दोन ग्लास पुढे केले. "हा घ्या, कांद्याचा घास खाऊन. आता हा." त्यांनी तसं केलं. दोन्ही ग्लास खाली ठेवले. मग दुसरा परत उचलला.

"हा," ते म्हणाले.

"माझाबी तोच," ती म्हणाली.

त्यात शेनिन निम्म्याहून थोडी जास्त, बाकी सॉव्हिन्याँ. आल्दोचं मतही तेच होतं, पण त्याने त्या दोघांचं बोलून होईपर्यंत सांगितलं नाही.

शनिवारचं जेवण

हॉटेलचे साहेब ऊन उतरल्यावर आले. पन्नाशीचे, बोलायला गोड, मराठी बोलणारे. शेडमधल्या टेबलावर सुनंदाने पांढरी चादर घातली होती. तळलेल्या कुरडया, तळलेला मासा, मग भाजलेले कांदे आणि कळण्याची भाकरी. ठेचा ठेवला नव्हता. साहेबांनी मागितला, तेव्हा दत्तूंनी सांगितलं, "आज नाय. वाईन मरती."

साहेब जेवले मनापासून. तिसरा कांदा संपवल्यावर म्हणाले, "जेवण उत्तम. वाईनही छान. पण आमच्याकडे येणाऱ्यांना थोडी गोड लागते. यात शेनिन वाढवा, गोडवा ठेवा, म्हणजे मी वर्षाचा सगळा माल उचलतो."

भागीदारांनी एकमेकांकडे पाहिलं. सगळा माल म्हणजे त्यांच्या सगळ्या अडचणी संपल्या. आल्दोला मी साहेबांचं बोलणं सांगितलं. त्याने हात वर केले, म्हणजे निर्णय तुमचा.

 दत्तू ताटावरून मान वर करून टेबलाच्या टोकाला उभ्या असलेल्या बायकोला म्हणाले, "तुझं काय म्हणणं हे?"

ती गडबडली. चार लोकांत नवऱ्याने तिला असं विचारलेलं मी सहा दिवसांत पाहिलं नव्हतं. तिने बोलण्याऐवजी दोन जग घेतले, साहेब म्हणत होते तसं गोड मिश्रण एका ग्लासात केलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. शेजारी तिचं. "नुसतं प्या साहेब, मंग कांद्यासंगं प्या."

साहेबांनी नुसतं प्यायलं आणि गोड ग्लासाकडे बोट दाखवलं. मग कांदा खाऊन दोन्ही चाखले.  गोड ग्लासातला घोट कांद्याबरोबर काकवीसारखा चिकट झाला होता. मीही चाखला होता, म्हणून सांगतो.

"जेवणाबरोबर तुमचीच," ते शेवटी म्हणाले. "पण माझे निम्मे लोक जेवणाआधी पितात बाई. मी खोटं नाही बोलणार. ही अशीच ठेवली तर मी निम्मा माल घेईन."

दत्तूंनी भागीदारांकडे पाहिलं. एकाने नाराजीने मान हलवली, दुसऱ्याने खांदे उडवले. "निम्मा घ्या," दत्तू म्हणाले. "बाकीचा आमी बघू."

आल्दोने मला विचारलं, काय ठरलं. मी सांगितलं. त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली आणि सुनंदाला म्हणाला, "आता तू बस. जेव." ती बसली नाही. आईंचं जेवण वाढायचं राहिलंय म्हणून घरात गेली. थोड्या वेळाने परत आली, तेव्हा दत्तूंनी आपल्या शेजारची खुर्ची ओढून ठेवलेली होती. मग बसली.

निघताना

रविवारी सकाळी मला नाशिक रोडला गाडी गाठायची होती. आल्दो दोन दिवस मागे राहणार होता. आई त्याला कळण्याचं पीठ दळून देणार होत्या. त्याने मला मिठी मारली आणि विचारलं, "बोटीवर वाईट बाटल्या किती वाढल्यास?" मी म्हटलं, "पुष्कळ." तो म्हणाला, "मी पुष्कळ प्यायलो असेन."

दत्तू जीप वळवायला गेले होते. सुनंदाने माझ्यासाठी कुरडयांचा डबा आणि पिशवीभर कांदे आणले. ते मागच्या सीटवर ठेवले आणि दाराशीच उभी राहिली.

"मामा, एक विचारू? त्या दिवशी मी बोलले, ते तुमी आधी त्यांना सांगितलंच नव्हतं ना?"

"नाही," मी म्हटलं.

"का बरं?"

बोटीवरचा नियम, पाहुण्याचा मान, त्याच्या भावाचं शेत, हे सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. म्हटलं, "मला वाटलं, त्यांना वाईट वाटेल."

तिने मान हलवली. आवाजात राग नव्हता. "त्यांना वाईट वाटंल म्हणून नाय मामा. मला काय कळतं, असं तुमाला वाटलं."

मी क्षणभर नाही म्हणणार होतो. वाईन शिजली आहे हे मला तिच्याआधी कळलं होतं. म्हणजे ती खरं बोलते हे मला पक्कं ठाऊक होतं. तरीही तिचं बोलणं इटालियनमध्ये नेताना मी ते निम्म्यावर सोडून दिलं होतं. दत्तूंनी तिला गप म्हटलं ते निदान सगळ्यांसमोर, तिला कळेल अशा भाषेत म्हटलं होतं.

"हो," मी म्हणालो. "तसंच वाटलं."

"बरं," ती म्हणाली, आणि जीपचं दार बाहेरून नीट लावून घेतलं.